डीएनएचा खंड ‘द्विगुणित’ होतो की ‘द्विरावृत्त’?

‘जनुक संपादनाच्या नव्या तंत्रांनी डीएनएचा हवा तो खंड द्विगुणित करता येतो’ असे वाक्य वाचनात आले, तर त्यातील ‘द्विगुणित’ हा शब्द योग्य मानावा का, आणि नसल्यास ‘प्रतिकृती’, ‘पुनरावृत्ती’ किंवा सरळ ‘डुप्लिकेट’ यांपैकी काय वापरावे, असा प्रश्न विचारण्यात आला आहे. माझ्या मते येथे ‘द्विरावर्तन’ हे नाम आणि ‘द्विरावृत्त’ हे विशेषण वापरावे. ‘द्विगुणित’ मात्र टाळावा, कारण तो वाचकाला चुकीच्या हिशेबाकडे नेतो.

दोन्ही शब्दांच्या घडणीत फरक आहे. ‘द्विगुणित’मध्ये ‘द्वि’ म्हणजे दोन हा संख्यावाचक शब्द ‘गुण’ला जोडला आहे, आणि त्याचा अर्थ ‘दुपटीने वाढलेला’ असा होतो. आनंद द्विगुणित होतो, तेव्हा त्याचे मान वाढते. ‘द्विरावर्तन’मधील ‘द्विः’ हे क्रियाविशेषण आहे आणि त्याचा अर्थ ‘दोन वेळा’ असा आहे. ‘पुनः’ आणि ‘आवर्तन’ मिळून जसे ‘पुनरावर्तन’ होते, तसे ‘द्विः’ आणि ‘आवर्तन’ मिळून ‘द्विरावर्तन’ होते. ‘द्विरुक्ती’ हा परिचित शब्दही असाच घडला आहे. एक शब्द एकूण मान किती झाले ते सांगतो, तर दुसरा एकाच ओळीत तीच गोष्ट किती वेळा आली ते सांगतो. जनुकशास्त्राला येथे दुसरा अर्थ हवा आहे.

आपल्या पेशीत प्रत्येक अलिंगी (म्हणजे एक्स आणि वाय वगळता इतर) गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून आलेली. त्यांपैकी एकाच गुणसूत्रावर एखादा खंड दोनदा आला, तर पेशीतील त्या खंडाच्या प्रती दोनाच्या चार होत नाहीत, तीन होतात. म्हणजे मान दुप्पट न होता दीडपट होते. शार्को-मारी-टूथ या हातापायांच्या मज्जातंतूंना दुर्बळ करणाऱ्या आनुवंशिक विकाराच्या ‘१-ए’ या प्रकारात नेमके हेच घडलेले असते. सतराव्या गुणसूत्रावरील सुमारे १५ लाख बेस जोड्यांचा (म्हणजे डीएनएच्या ‘अक्षरांच्या’ जोड्यांचा) एक खंड दोनदा येतो, त्यात असलेल्या पीएमपी-२२ या जनुकाच्या तीन प्रती होतात, आणि ही एक जादा प्रतच विकाराला पुरेशी ठरते. अशा रुग्णाविषयी ‘जनुक द्विगुणित झाले’ असे लिहिले, तर वाचक चार प्रती समजेल आणि त्यात त्याचा काही दोष नसेल.

संपादनाच्या एका जुन्या तंत्रात हा फरक अधिकच ठळक होतो. क्रे हे विकर (एन्झाइम) जिवाणूंना ग्रासणाऱ्या पी-१ या विषाणूतून मिळाले असून, ते ३४ अक्षरांची लॉक्स-पी ही खूण ओळखते आणि अशा दोन खुणांपाशी डीएनए कापून टोकांची अदलाबदल करते. जोडीतील एका गुणसूत्रावर ही खूण खंडाच्या अलीकडे आणि दुसऱ्यावर पलीकडे बसवली, तर क्रे त्या दोन ठिकाणी सांधा जुळवताना एका गुणसूत्रावरून तो खंड काढून घेते आणि दुसऱ्यावर तो लागोपाठ दोनदा येतो. गंमत अशी की पेशीतील एकूण प्रती या घडीला पूर्वीइतक्याच, म्हणजे दोनच, राहतात. काहीही वाढलेले नसताना एका गुणसूत्रावर द्विरावर्तन झालेले असते. ती दोन गुणसूत्रे पुढच्या पिढीत वेगळी झाली, की द्विरावर्तन असलेल्या संततीत प्रती तीन होतात. एकविसाव्या गुणसूत्राच्या जादा प्रतीमुळे होणाऱ्या डाउन सिंड्रोमच्या अभ्यासासाठी उंदरांच्या गुणसूत्रांवर मोठी द्विरावर्तने याच मार्गाने घडवण्यात आली आहेत.

‘द्विगुणित’विरुद्ध आणखी एक हरकत आहे, आणि ती थोडक्यात सांगता येईल. गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या पेशीला मराठीत ‘द्विगुणित पेशी’ म्हटले जाते. ‘द्विगुणित पेशीतील द्विगुणित खंड’ या शब्दसमूहात एकच शब्द दोन वेगळ्या अर्थांनी येतो, आणि शास्त्रीय लेखनाला हे परवडत नाही.

आता ‘प्रतिकृती’कडे वळू. पेशीविभाजनापूर्वी सगळा डीएनए उलगडतो, त्याच्या प्रत्येक धाग्यासमोर नवा पूरक धागा घडतो आणि एका रेणूचे दोन रेणू होतात. मेसेल्सन आणि स्टाल या शास्त्रज्ञांनी १९५८ साली प्रयोगाने दाखवले की यातील प्रत्येक रेणूत एक धागा जुना आणि एक नवा असतो. या क्रियेला ‘प्रतिकृतिनिर्मिती’ म्हणावे. तिच्यातून निघालेले दोन रेणू दोन वेगळ्या पेशींत जातात. द्विरावर्तनात मात्र दुसरी प्रत त्याच रेणूत वसते आणि पुढच्या प्रत्येक प्रतिकृतिनिर्मितीत मूळ प्रतीसोबत वारशाने चालत राहते. या दोन कल्पना वेगळ्या ठेवणे आता अधिक निकडीचे झाले आहे, कारण अलीकडची तंत्रे एकीच्या साहाय्याने दुसरी साधू लागली आहेत. प्राइम एडिटिंग हे तंत्र २०१९ साली पुढे आले. त्यात संपादनाची जागा दाखवणारा मार्गदर्शक आरएनए हवा असलेला नवा मजकूरही सोबत घेऊन जातो. त्याच तत्त्वावर, मार्गदर्शक आरएनएची जोडी वापरून, २०२४ साली चीनमधील संशोधकांनी ‘अँप्लिफिकेशन एडिटिंग’ हे तंत्र मांडले आणि २० बेस जोड्यांपासून १० कोटी बेस जोड्यांपर्यंतच्या खंडांचे द्विरावर्तन मानवी पेशींत घडवून दाखवले. यात डीएनएची नवी घडण हे साधन आहे आणि द्विरावर्तन हे फलित आहे. दोहोंना ‘प्रतिकृती’ म्हटले, तर तंत्राचे वर्णनच करता येणार नाही.

‘पुनरावृत्ती’ हा शब्द अर्थाने जवळचा आहे, पण तो आधीच गुंतलेला आहे. क्रिस्पर या जनुक संपादनाच्या प्रसिद्ध तंत्राच्या नावातच जिवाणूंच्या डीएनएमध्ये ठरावीक अंतरांवर येणाऱ्या, विलोमपदासारख्या (‘पॅलिंड्रोमिक’) छोट्या पुनरावृत्तींचा उल्लेख आहे. तेथे मजकूर अनेकदा परतून येतो आणि त्या परतून येण्याची संख्या ठरलेली नसते. दोनदाच येण्याचे वैशिष्ट्य सांगायचे असेल, तर ‘द्विः’ हवाच.

‘डुप्लिकेट’ बोलण्यात चालेल, लेखनात नको. मराठीत या शब्दाला ‘नकली’ हा अर्थ इतका चिकटला आहे की ‘डुप्लिकेट जनुक’ म्हणताच ते बनावट आणि निकामी वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे: दुसरी प्रत पहिलीइतकीच अस्सल असते, आणि दोघींपैकी मूळ कोणती हे पुष्कळदा सांगताही येत नाही. जनुकशास्त्रज्ञ सुसुमू ओहनो यांनी १९७० साली असे प्रतिपादन केले की एक प्रत जुने काम सांभाळत असल्यामुळे दुसरीला बदलण्याची मोकळीक मिळते आणि नवी जनुके प्रामुख्याने याच वाटेने निपजतात. उत्क्रांतीच्या इतक्या मोठ्या साधनाला नकलीपणाचा वास असलेले नाव देणे मला मनापासून अयोग्य वाटते.

संस्कृत व्याकरणाने ही गोष्ट फार पूर्वी बारकाईने हाताळली आहे. शब्द दोनदा उच्चारला असता त्यातील नंतरच्या रूपाला पाणिनीने ‘आम्रेडित’ अशी स्वतंत्र संज्ञा दिली. जनुकशास्त्रात प्रती लागून आहेत की दूर, सरळ आहेत की उलट, हेही सांगावे लागते; त्यासाठी ‘लगतचे द्विरावर्तन’, ‘विखुरलेले द्विरावर्तन’ आणि ‘उलट द्विरावर्तन’ अशी विशेषणे सहज जोडता येतात. ‘लगतचा द्विगुणित’ म्हणून पाहिले, की त्या शब्दाची अडचण कानालाही कळते.

खंड तीनदा आला, तर ‘त्रिरावर्तन’ म्हणावे. फळमाशीच्या एक्स गुणसूत्रावरील एका खंडाचे द्विरावर्तन झाले की तिचा डोळा अरुंद पट्टीसारखा होतो, हे १९३६ साली उघड झाले. या प्रकाराला ‘बार’ म्हणतात. जोडीतील गुणसूत्रांनी आपसांत असमान तुकडे बदलले आणि अशा विषम अदलाबदलीतून त्याच गुणसूत्रावर तो खंड तीनदा आला, तर डोळा आणखी अरुंद होतो. इंग्रजीत या दुसऱ्या प्रकाराचे नाव ‘डबल बार’ असे पडले आहे, आणि ते शब्दशः उतरवून ‘दुहेरी बार’ लिहिल्यास मराठी वाचक दोन प्रती मोजेल. तेथे ‘बार-त्रिरावर्तन’ असेच लिहावे.