वाचकांचे प्रश्न : मार कुठून आला?

प्रश्न : माझे वय 44 असून मुलगा बारावीनंतरच्या सुट्टीत घरी आहे. आम्ही दोघे संगणकावर 'अल्टिमेट मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम 3' हा मारामारीचा गेम खेळतो. सिंपल मोड (सोप्या बटणांची पद्धत) घेऊनही मी हरतो. एकदा मार बसला की माझे पात्र खाली येतच नाही. हा गेम हौशी माणसासाठी आहे की नाही?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आहे, आणि दोष आपल्या बोटांचा नाही. 2011 साली आलेल्या या गेमची बटणे नवख्यांचा विचार करूनच ठरवलेली दिसतात. स्ट्रीट फायटर या दुसऱ्या मारामारीच्या गेममध्ये ठोशांची तीन आणि लाथांची तीन अशी सहा बटणे सांभाळावी लागतात. येथे हलका, मध्यम व जोरदार हे तीन हल्ले, प्रतिस्पर्ध्याला हवेत उडवणारे चौथे बटण आणि आपल्या तिघांच्या संघातील उरलेल्या दोन साथीदारांना बोलावणारी दोन बटणे एवढ्यावर भागते. पहिली तीन ओळीने दाबून चौथे दाबावे, लगेच दिशेची कळ वर धरावी आणि हवेत मध्यम, मध्यम, जोरदार व पुन्हा चौथे असे दाबावे. स्पायडर-मॅन असो वा स्ट्रीट फायटरचा रयू, बहुतेक पात्रांना ही साखळी चालते.

सिंपल मोड विशेष डाव एकेका बटणावर आणून देतो, पण त्या बदल्यात पात्राचे काही डाव काढून घेतो. माझ्या मते त्याने नको ती अडचण सोडवली आहे. पडद्यावर दोन लढवय्ये, मध्येच मदतीला धावून आलेले त्यांचे साथीदार आणि वर किरणांचा लखलखाट, एवढ्या गर्दीत मार नेमका कोणाचा बसला हेच नवख्याला कळत नाही, मग तो अडवणार कसा?

म्हणून आठवडाभर जिंकण्याचा नाद सोडून केवळ अडवण्याचा सराव करावा. सराव विभागात मुलालाच एक हल्ला पुन्हा पुन्हा करायला सांगावे. कळ मागे धरली की वार अडतो, उडी मारून आलेला उभ्याने आणि पायांवरचा बसून. अडवत असतानाच हल्ल्याची कोणतीही दोन बटणे एकदम दाबली की प्रतिस्पर्धी मागे ढकलला जातो. ही एक युक्ती अंगवळणी पडली तरी सामन्याचा रंग पालटतो.

पात्र हवेत अडकले की बटणे बडवून काही होत नाही. मात्र साखळी लांबते तसा प्रत्येक फटक्याचा जोर घटत जातो, आणि मुलाने हवेतच गडी बदलला तर आपल्याला सुटकेची एक संधी मिळते : त्याने वर, खाली किंवा बाजूला यांपैकी जी दिशा निवडली असेल तीच आपण चौथ्या बटणासोबत दाबली, तर साखळी तिथेच तुटते. हा अंदाजाचा खेळ आहे, पण मुलाची सवय बापाला कळायला फार दिवस लागू नयेत.

पात्रे मात्र रोज बदलू नयेत. वुल्व्हरिन आणि रयू सुरुवातीला बरे. फिनिक्स राइटच्या मोहात पडू नये, कारण हे वकीलसाहेब पुरावे जमवण्यातच गुंततात आणि तोवर भरपूर मार खातात. सामन्यात एकदाच मिळणारा एक्स-फॅक्टर, म्हणजे काही काळ पात्राचे बळ वाढवणारी शक्ती, शेवटच्या गड्यासाठी राखावा. साथीदार जितके कमी उरलेले, तितका तो अधिक वेळ टिकतो आणि अधिक बळ देतो.

सिंपल मोड घरी आलेल्या पाहुण्यांसाठी राहू द्यावा. आपण पुढच्या रविवारपासून नेहमीच्या, म्हणजे नॉर्मल, पद्धतीवर यावे.