पेरूमध्ये गवताचा पूल खरंच आहे का?
हो, अगदी खरा आहे. पेरूच्या कुस्को भागात आपुरिमाक नदीवर 'केस्वाचाका' हा जवळपास ३० मीटर लांबीचा झुलता पूल आहे, आणि त्याचे सगळे दोर गवताचे आहेत. दरवर्षी जूनमध्ये आसपासच्या, केचुआ या तिथल्या मूळनिवासी समाजाच्या चार वस्त्यांतली माणसं जुना पूल उतरवून नवा विणतात. बायका तळहातांवर गवत वळून बारीक दोऱ्या करतात. त्याच एकत्र पिळत पिळत मांडीएवढे जाड दोर तयार होतात. विणकाम तीन दिवस, चौथा दिवस नाचगाण्याचा. २०१३ साली युनेस्कोनं या परंपरेला वारसा यादीत घेतलं. मला सगळ्यात भिडलं ते पुढचं: कोरोनामुळे विणणं चुकलं, २०२१ मध्ये पूल कोसळला, आणि गावकऱ्यांनी काही महिन्यांतच तो पुन्हा उभा केला.