भागीरथीचं पाणी एवढं स्वच्छ, मग मासे कन्हानपेक्षा कमी का?

तुम्ही लिहिलंय की नोव्हेंबरात उत्तरकाशीला भागीरथीचा तळ दिसत होता, तरी तिथल्या लोकांनी जेमतेम चार-पाच माशांची नावं सांगितली. आपल्या नागपूरजवळच्या कन्हान नदीवरचा ढिवर, म्हणजे मासेमार, मात्र एका दमात वीस नावं सांगतो. मग कन्हानचं पाणी जास्त चांगलं का?

नाही. मी नागपुरात प्राणिशास्त्र शिकवते आणि हा गोंधळ वर्गात दरवर्षी होतो. थंड नदीत जाती मुळातच कमी असतात. रोहू-कटल्याला लागणारी ऊब तिथे नाही, प्रवाह जोराचा, आणि खायला मुख्यतः दगडावरचं शेवाळ नि पाणकिडे. तिथे टिकतो तो असेला नावाचा मासा. त्याच्या खालच्या ओठाची कड टणक असते, तिने तो शेवाळ खरवडतो. काही छोटे शिंगटे तर छातीवरच्या चुण्यांनी दगडाला धरून राहतात.

मार्चात वर्गातल्या मुलांना घेऊन भागीरथीवर गेले होते. पाणी ९ अंश. बुडबुडा न शिरू देता बाटली भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. बोटं बधिर झालेल्या मुलीच्या हातात बाटली बघता बघता गडद तपकिरी झाली. परत आल्यावर तीच परीक्षा नागपुरातल्या नाग नदीवर केली. साका जवळपास पांढराच. त्या दिवशी वर्गात कुणी फारसं बोललं नाही.

ऑक्सिजनचा आकडा मात्र तापमानाशिवाय वाचू नका. समुद्रसपाटीला १० अंशांचं पाणी लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, ३० अंशांचं साडेसात. उंचीवर हे थोडं आणखी घटतं. म्हणजे मे महिन्यातली कन्हान अगदी निर्मळ असली तरी भागीरथीची बरोबरी करणार नाही. आणि मरळ, मागूर वर येऊन हवेतला श्वास घेतात, त्यामुळे ते दिसले म्हणून पाणी चांगलं असं धरू नका.

पाणी ओळखायचं तर दगड उलटा. आम्ही उलटला तेव्हा खाली तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या तुरतुर पळाल्या. मेफ्लाय नावाच्या किड्याच्या. घाणीत यातल्या बहुतेक टिकत नाहीत.

पण मला खरी काळजी वेगळीच आहे. उत्तरकाशीजवळ मनेरीला बंधारा घालून भागीरथीचं पाणी बोगद्यात वळवून वीज करतात. अशा बंधाऱ्याखाली पाणी तपासणीत उत्तम निघेल, पण प्रवाहच उरला नाही तर असेल्याने अंडी घालायला उथळ, वाहत्या गोट्यांच्या जागी पोचायचं कसं? म्हणून मी तिथे जातींची यादी करत बसत नाही. काठच्या उथळ पाण्यात बोटाएवढी असेल्याची पिल्लं आहेत का, ते आधी बघते.