बादलला येलदरीच्या माळावर सोडू नका

सेलूच्या एका वाचक ताईचं चार पानी पत्र आलंय. थोडक्यात असं: तीन वर्षांपूर्वी माळेगावच्या जत्रेतून यजमानांनी कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्याचं पिल्लू आणलं, नाव बादल. यजमान तेव्हा पुण्याला कामाला. घरात सासूबाई, ही आणि लेक. बादल दारात असला की रात्री निर्धास्त झोप लागायची. लेक आता अकरा वर्षांची आहे, त्याच्या अंगावर हात टाकून झोपते. बादलनं आधी दूधवाल्याची पँट फाडली, मग दिवाळीत सात वर्षांच्या पुतण्याच्या हाताला चावला, टाके पडले. परवा हिच्याच मनगटाला. दीर-जाऊ यायचे बंद झाले. यजमान म्हणतात, येलदरीकडे माळावर सोडून येतो. त्यांचा मित्र म्हणतो, भाकरीत गोळी घाला. सासूबाई म्हणतात, खंडोबाच्या जत्रेतलं जनावर आहे, त्याला काही कराल तर घराचं वाटोळं होईल. गावातले डॉक्टर उभ्या उभ्या म्हणाले, झोपवून टाका. आणि ताई विचारते, "मावशी, मी हो म्हटलं तर मी पापी का?"

पोरी, पाप-पुण्याचं नंतर बघू, आधी तुझं मनगट. "हळद दाबली, आता बरंय," असं लिहून तू पुढच्या वाक्यात बादलच्या काळजीला लागलीस. हे पत्र हातात आहे तोवरच उठ आणि सरकारी दवाखान्यात जा. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. चावल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायचं असतं. ते राहिलं असेल तर आता धू. घरचं कुत्रं आहे म्हणून सूट नाही, त्यातून त्याची गेल्या वर्षीची लस चुकलीय असं तूच लिहितेस. इंजेक्शनं पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८व्या दिवशी असतात. स्नायूत देत असतील तर १४व्या दिवशी आणखी एक. जखम खोल असेल तर जखमेतच द्यायचं वेगळं औषध असतं, ते आपणहून विचार. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, त्यामुळे इथं भिडस्तपणा नको.

चावल्यापासून १० दिवस बादल डोळ्यांसमोर असायला हवा, हेही यजमानांना सांग. १० दिवस तो धडधाकट राहिला तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं डॉक्टर मानतात. माळावर सोडलास तर हे कळायची वाटच बंद.

आता बादलकडे. तुझ्या पत्रात दोन ओळी अशा आहेत की त्या मी परत परत वाचल्या. एक, तो "आळशी झालाय, ओट्यावर उडी मारत नाही, पायरीशी उभा राहतो." दुसरी, तुला चावला तेव्हा तो झोपलेला होता आणि तू त्याला उचलायला डाव्या बाजूनं पोटाखाली हात घातलास. अगं, कारवानी म्हणजे सशामागं धावायला जन्मलेलं जनावर. ते तीन वर्षांचं असताना ओट्यावर उडी मारायला कंटाळत असेल, तर तो आळस नव्हे. कंबर, मांडीचा सांधा, पाठ, कुठंतरी दुखतंय. कानात पू असेल, दाढ किडली असेल, गोचिडांच्या तापानं अंग मोडून आलं असेल. कुत्र्याला "इथं दुखतंय" म्हणता येत नाही, दुखऱ्या जागी हात पडला की ते दात लावतं. मी लांबून निदान करत नाही. पण उभ्या उभ्या "झोपवून टाका" म्हणणाऱ्यानंही त्याला हात लावून पाहिलेलं नाही, एवढं तुझ्या पत्रावरून दिसतं.

परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं दवाखाना आहे. उदगीरलाही आहे, पण तुला परभणी जवळ. छोटा हत्ती कर, रेल्वेत नको. आपल्याकडे बैलाला डॉक्टर आणला तर कुणी हसत नाही, कुत्र्याला नेलं की चारचौघं हसतात. हसू दे. कधी कधी चावला, त्याआधी काय झालं, कोण कुठून आलं, कुठं हात लागला, हे सगळं कागदावर लिहून ने. एक्स-रे आणि रक्ताची तपासणी करा म्हण. चावऱ्या स्वभावावरही औषधं असतात, ती चालतील का तेही विचार. खच्ची केलं की शांत होईल असं कुणी सांगेल. भीतीनं किंवा दुखण्यानं चावणारं कुत्रं त्यानं सुधारतंच असं नाही.

दुखणं सापडलं तरी सगळं त्याच्यावर ढकलता येणार नाही. जत्रेत पिल्लू घेतलं तेव्हा त्याचे डोळे नुकते उघडले होते म्हणतेस. आठ आठवडे आईजवळ, भावंडांत राहिलं की पिल्लाला कळतं किती जोरात चावायचं नाही, ते शिकणं बादलचं राहून गेलं. पुढे दिवसभर रस्त्याकडच्या पत्र्याखाली साखळीला, शाळेची पोरं खडे मारून जाणार, आणि गुरगुरला की यजमानांची काठी. गुरगुरणं म्हणजे त्याचं "लांब राहा" होतं. काठीनं ते बंद केलं, आता तो न सांगता चावतो. यजमानांना दोष देऊ नकोस. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पण काठी आजपासून बंद.

लेकीचं झोपणं आजपासून वेगळ्या खोलीत, दार लावून. यात वाद नाही. परसात जाळीचं कुंपण घाल, साखळी काढ. बाहेर काढताना तोंडाला मुसकं, पण कापडाचं घट्ट बांधलेलं नव्हे. पिंजऱ्यासारखं हवं, म्हणजे त्याला धापा टाकता येतील, पाणी पिता येईल. खाऊ घालत घालत आठ-दहा दिवसांत सवय होते.

यजमानांच्या माळाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. सोडून देण्यात रक्त दिसत नाही म्हणून तो सगळ्यांना दयेचा मार्ग वाटतो. त्या माळावर धनगराची कुत्री आहेत, रस्त्यावर ट्रक आहेत, आणि याला आजवर ताटातली भाकर खायची सवय. तो गाडीमागं धावेल, मग दिवसेंदिवस त्याच जागी बसेल. आणि वेचणीच्या दिवसांत बाया बांधावर लेकरं निजवून कापसात शिरतात. तिथं एखाद्या लेकराच्या अंगाखाली चुकून बादलचं शेपूट सापडलं, तर? तुझ्या पुतण्याला दवाखाना जवळ होता. पाळलेलं जनावर असं टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. गोळीवाल्या मित्राला घरातच घेऊ नका.

दुसऱ्याला देता येईल का, हे तू भीत भीत विचारलंयस. येईल, पण सगळं सांगून. लातूरकडे कारवानी-पश्मी कुत्री पाळणारी जाणती माणसं आहेत. ज्यांच्या घरात लहान लेकरू नाही, शेतात कुंपण आहे, अशा एखाद्याला तीनही चावे सांगून, कागदावर लिहून देता आलं तर दे. एक चावा जरी लपवलास तरी ते माळावर सोडल्यासारखंच. खरं सांगू, सगळं ऐकून हो म्हणणारं माणूस क्वचित मिळतं.

आणि हे सगळं करूनही परभणीचे डॉक्टर म्हणाले, की दुखणं बरं होणारं नाही, किंवा दुखणं काहीच नाही पण चावे खोल आहेत, न सांगता आहेत, आणि घरात लेकरू आहे, तर? तर हो म्हण. मी तुला पापी म्हणणार नाही, आणि दुसरं कुणी म्हटलं तर त्याला विचार, तुम्ही नेता का याला घरी. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, तो झोपतो. मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस देतात, काही मिनिटांत हृदय थांबतं. गुंगी नीट चढल्याशिवाय दुसरं देऊ नका, असं सांगायचा तुला हक्क आहे. तू तिथं थांब. त्याला अनोळखी हातांत सोडून बाहेर बाकड्यावर बसू नकोस. नंतर रडशील, बरेच दिवस रडशील. "कुत्र्यासाठी एवढं काय" म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस.

सासूबाईंशी भांडू नकोस. खंडोबाबरोबर कुत्रं असतं, त्यांच्या मनात ते आहे आणि ते खोटं नाही. फक्त बादल नवसाचा नव्हे, पैसे मोजून आणलेला आहे, आणि देवाच्या नावानं ठेवायचा तर देवाच्या नावानं उपचारही करायला हवा. परभणीला जाताना त्यांनाच शेजारी बसव. डॉक्टरांचं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं बरं.

लेकीला "शेतावर गेला" असलं काही सांगू नका. अकराव्या वर्षी पोरी सगळं ओळखतात. जे ठरेल ते आधी सांग, शाळेतून आल्यावर रिकामं परस दाखवू नकोस. बादल कधी गुरगुरतो, कधी लंगडतो, याची वही तिला लिहायला दे. ती तुझ्यापेक्षा बारीक बघते, पायरीची गोष्टही तिनंच तुला सांगितली होती असं तू लिहिलंयस.

राहिले दीर-जाऊ. त्यांना एवढ्यात घरी बोलावू नकोस, तूच जा, एकटी. दवाखान्याचा खर्च दे, नको म्हणतील तरी दे. पुतण्याची इंजेक्शनं पूर्ण झाली का तेवढं विचार. आणि तो बादलचं नाव ऐकून आईमागं लपला, तर "काही करत नाही रे तो" असं त्याला चुकूनही म्हणू नकोस.