पुणे ते ऑकलंड: घरातून निघून घरात पोचेपर्यंत

तुम्ही विचारलंय की पुण्याहून ऑकलंड किती लांब, किती तास लागतात, आणि जानेवारीत चार वर्षांच्या मुलीला घेऊन येताना दुबईमार्गे स्वस्त पडणारं तिकीट काढावं का. मी मूळची पुण्यातल्या धायरीची, आता इथे न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडलाच स्थायिक आहे.

सरळ रेषेत अंतर साधारण 12,200 किलोमीटर. पण थेट विमान नाही, ना पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून ना मुंबईहून. त्यामुळे मधे कुठे उतरायचं यावर सगळं ठरतं. मुंबई ते सिंगापूर सुमारे 3,900 किलोमीटर, तिथून ऑकलंड 8,400. बेरीज 12,300, आणि मुंबई-ऑकलंड सरळ अंतरही तेवढंच! सिंगापूर जवळजवळ त्या रेषेवरच बसलंय. दुबईमार्गे मात्र आधी 1,900 किलोमीटर उलट्या दिशेला जायचं, मग 14,200 किलोमीटर एका दमात, सोळा-एक तास. जवळपास 3,800 किलोमीटरचा वळसा. पैसे वाचत असतील, पण लहान मूल बरोबर असताना मी तरी नाही जाणार.

सिंगापूरमार्गे हवेतला वेळ साडेपाच अधिक दहा तास. परतताना थोडा जास्त लागतो, कारण दक्षिणेकडचे पश्चिमी वारे समोरून येतात.

आता जमिनीवरचा वेळ, जो कुठलीच तिकिटाची साइट सांगत नाही. सिंहगड रोडवरून मुंबई विमानतळाला चार-साडेचार तास धरा. शुक्रवारी संध्याकाळी किंवा रविवारी निघणार असाल तर त्यात आणखी भर घाला. खंडाळ्याच्या घाटात गाड्या कशा तुंबतात ते तुम्हाला मी काय सांगणार. विमानतळावर तीन तास, सिंगापूरला तीन-चार, इथे उतरल्यावर दीड. दारापासून दारापर्यंत सत्तावीस-अठ्ठावीस तास होतात. शिवाय जानेवारीत इथलं घड्याळ साडेसात तास पुढे असतं (एप्रिल ते सप्टेंबर साडेसहा), म्हणजे सोमवारी दुपारी घर सोडलंत की इथे बुधवार लागलेला असतो. नोकरीवर रुजू व्हायची तारीख त्या हिशेबानं घ्या, पहिले दोन दिवस मुलगी पहाटे तीनला टक्क जागी असेल.

सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. सामान थेट ऑकलंडला निघेल, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय करणं कंपनीच्या गळ्यात. सिडनी-मेलबर्नमार्गे स्वस्त दिसलं तर लक्षात ठेवा, भारतीय पासपोर्टवर तिथे नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. तो फुकट असतो, पण आधी काढावा लागतो.

बॅगेबद्दल एकच, पण महत्त्वाचं. इथे खाद्यपदार्थांची तपासणी कडक आहे. मध आणूच नका. गोडा मसाला, मेतकूट, लोणचं, लाडू जे काही असेल ते न्यूझीलंडमध्ये येताना भरायच्या फॉर्मवर लिहा आणि सगळं एकाच पिशवीत वर ठेवा. लिहिलं नाही आणि सापडलं तर इथले 400 डॉलर दंड. लिहिलं तर फार तर एखादी पुडी काढून ठेवतात. आईंनी शेवटच्या क्षणी कुठल्या कोपऱ्यात काय कोंबलंय ते निघायच्या आधी त्यांनाच विचारून घ्या. देवघरातली लाकडी वस्तू, वाळकी फुलं, तुळशीचं बी, हेही त्याच फॉर्मवर येतं.