पाय नाही, मग दुखतं काय?

चिपळूणला समुपदेशनाला बसते मी. खेड-मंडणगडकडची फौजी घरातली माणसं येतात आणि हा प्रश्न बहुतेक वेळा बायकोच विचारते, तेही नवऱ्याला बाहेर बसवून. "मॅडम, पाय तर गेला, मग रात्रभर काय धरून कण्हतात हे? डोक्यावर परिणाम झालाय का?"

नाही हो. 1871 मध्ये सायलस वेअर मिचेल या अमेरिकन डॉक्टरने यादवी युद्धातले जखमी सैनिक बघून याला 'फँटम लिंब', म्हणजे नसलेला पण जाणवत राहणारा अवयव, म्हटलं, इतकं जुनं आहे हे. पाय गेला तरी मेंदूतला पायाचा नकाशा जात नाही, दुखणं खरंच असतं.

एक हवालदार होते (ओळख बदललीये). सुरुंगात डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. पहिली दोन सेशन्स नुसतं "ठीक आहे मॅडम", पण बोलता बोलता वाकून डाव्या बुटाचं टोक चोळायचे, आत नकली पाय. तिसऱ्या वेळी मी विचारलं,

"आत्ता कसाय पाय?"

"कुठला?"

"नाहीये तो."

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "बोटं आवळलीत. बुटात पाणी शिरलंय, सुटत नाहीत."

हेलिकॉप्टर येईपर्यंत काही तास तो पाय तसाच होता, ओल्या बुटात. मला तेव्हा लख्ख कळलं की दुखतं किती हे सगळ्यांनी विचारलं होतं, मीसुद्धा, पण पाय आहे कसा हे कुणीच नाही. आता हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारते.

आता मुद्द्याचं, हे दुखणं कुणाला जास्त चिकटतं? पाय काढण्याआधी खूप दुखलेलं, ऑपरेशननंतरचे दिवस वाईट गेलेले, सोबत दुसऱ्या जखमा, उरलेल्या भागातच ठणका. त्यात झोप नाही, स्फोट परत परत डोळ्यासमोर, उदासी, आणि "आता हे जन्माचं" हे मनाने धरलेलं. जे होऊन गेलं ते गेलं, पण या शेवटच्या गोष्टींना हात लावता येतो आणि माझा जोर तिथेच असतो, कुणी काही म्हणो. मात्र आधी डॉक्टर. उरलेल्या भागात नसेची गाठ असेल, सॉकेट (नकली पायाची खोबण) सैल झालं असेल तर माझ्या गप्पांनी काय होणार? पुण्यात 1944 पासून आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे, हवालदारांना आधी तिकडेच पाठवलं, सॉकेट बदलून आले.

मग आरसा. मेंदूवर संशोधन करणाऱ्या डॉ. रामचंद्रन यांची युक्ती, दोन पायांच्या मध्ये आरसा उभा धरायचा, उजव्याचं प्रतिबिंब डाव्याच्या जागी दिसतं, आणि उजव्याची बोटं हळूहळू उघडायची. सगळ्यांना लागू पडतं असं नाही. आठवडाभर काही झालं नाही, वैतागले, "हा पोरखेळ आहे मॅडम." मग एक दिवस फोन, "अंगठा सुटला. बाकीची अजून नाहीत."

दोन महिन्यांनी वहिनी एकट्याच आल्या. दुखणं पूर्ण गेलं नव्हतं. "पण आधी लपून पडवीत जाऊन बसायचे, मला वाटायचं माझ्यावर राग आहे. आता उठवतात, मी चहा टाकते." निघताना दारातून वळल्या, "आणि तेवढं दुसरा आरसा घ्यायला सांगा हो त्यांना. कपाटाचाच काढून घेतलाय, केस कशात बघून विंचरू?"