जुन्या कार स्टिरिओमधलं विंडोज सीई उघडता येतं का?

साताऱ्यात सेकंडहँड गाडी घेतलीत, टचस्क्रीनवर रेडिओ आणि नॅव्हिगेशन एवढंच दिसतं, आतलं विंडोज कसं उघडायचं, असा तुमचा प्रश्न. युनिट खरंच विंडोज सीईवालं, म्हणजे छोट्या उपकरणांसाठीच्या जुन्या विंडोजवर चालणारं असेल तर चोरवाट बहुधा नॅव्हिगेशनच्या बटणातूनच जाते. सेटिंगमध्ये ‘नॅव्हिगेशन पाथ’ शोधा. बटण दाबल्यावर मेमरी कार्डावरची कोणती ईएक्सई (प्रोग्रॅमची) फाइल चालवायची, एवढंच तिथे लिहिलेलं असतं. ती नकाशाचीच आहे का, हे युनिट सहसा तपासत नाही! म्हणून एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या कार्डावर सीईसाठीचा फाइल मॅनेजर टाका, पाथ तिकडे वळवा आणि बटण दाबा. घरच्या पीसीवरची ईएक्सई मात्र चालणार नाही, इथला प्रोसेसर बहुधा एआरएम, म्हणजे पीसीपेक्षा वेगळ्या जातीचा असतो.

मूळ पाथचा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आत शिरल्यावर फ्लॅश मेमरीच्या फोल्डरमध्ये पुसापुशी नको, युनिट तिथूनच सुरू होतं.

युनिट सीईऐवजी अँड्रॉइडवालं असेल तर सेटिंगमधल्या बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. पण युनिट सीईवालं असताना पोवई नाक्यावर कुणी ‘याच युनिटात अँड्रॉइड टाकून देतो’ म्हणालं, तर पैसे खिशातच राहू द्या.